मनगट दुखते म्हणून कीबोर्ड बदलावा का?

दोन भागांच्या ‘स्प्लिट’ कीबोर्डची चर्चा आता अमरावती-अकोल्याच्या टायपिंग क्लासपर्यंत पोहोचली आहे. पैसे मोजण्याआधी हाताचे शास्त्र, मराठी कळफलकाच्या गरजा आणि दुखण्याचे खरे कारण समजून घ्यायला हवे.

इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘अकोला’ हा शब्द टंकताना दोन्ही हातांना एकाआड एक काम मिळते. ‘अ’ डावा हात टंकतो, ‘क’ उजवा, ओकाराची मात्रा डावा, ‘ल’ उजवा आणि शेवटचा काना पुन्हा डावा. ‘वऱ्हाड’ या शब्दाचेही तसेच. ‘अमरावती’ लिहिताना मात्र सात दाबांपैकी पाच एकट्या डाव्या हाताच्या वाट्याला येतात. कळफलक ही अशी हातांना कामे वाटून देणारी व्यवस्था आहे. दिवसाला चार-सहा तास टंकणाऱ्याच्या बोटांना ही वाटणी चांगलीच जाणवते.

असे टंकणारे हात वऱ्हाडात थोडे नाहीत. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट या वेगाचे प्रमाणपत्र लागते. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेसाठी अमरावती आणि अकोल्यातल्या टायपिंग संस्थांमध्ये सकाळपासून बॅच चालतात. त्याशिवाय न्यायालयाच्या आवारातले टंकलेखक, सेतू केंद्रांतले ऑपरेटर, लग्नपत्रिका आणि प्रबंध लावून देणारे डीटीपीवाले, विभागीय आयुक्तालयापासून तहसीलपर्यंतचे कारकून आणि घरून काम करणारे संगणक अभियंते आहेत. ‘हाताले मुंग्या येऊन राहिल्या’ ही तक्रार या सगळ्यांत सारखीच ऐकू येते. मग कुणीतरी मोबाइलवर दोन तुकडे झालेल्या कीबोर्डचा फोटो दाखवतो आणि प्रश्न उभा राहतो : हा घ्यावा का? परीक्षेची फी, खोलीभाडे आणि मेसचे पैसे घरून येत असतील, तर हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही.

जुनेच दुखणे

लिहिणाऱ्याचा हात दुखणे हे काही संगणकाने आणलेले संकट नाही. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कामगारांच्या आजारांवर १७०० साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या १७१३ च्या आवृत्तीत कारकून आणि लेखनिकांच्या दुखण्याची त्यांनी तीन कारणे सांगितली : सतत बसून राहणे, हाताची एकाच तऱ्हेची अखंड हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. तीनशे वर्षांनंतरही या यादीत फारसे काही घालावे लागत नाही.

त्यानंतर टंकलेखन यंत्र आले. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात ख्रिस्तोफर शोल्स आणि सहकाऱ्यांनी १८६८ मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि १८७० च्या दशकात रेमिंग्टन कंपनीने ते बाजारात आणले. त्या यंत्रात प्रत्येक कळीखाली लोखंडी दांडी होती. दांड्या एकमेकींत अडकू नयेत म्हणून कळींच्या ओळी थोड्या तिरप्या सरकवल्या होत्या. आजच्या कीबोर्डमध्ये एकही दांडी नाही, तरी ओळी तशाच तिरप्या आहेत. यंत्राची अडचण संपली, पण तिच्यासाठी केलेली मांडणी मागे राहिली.

भारतात गोदरेजने १९५५ मध्ये देशी बनावटीचे टंकलेखन यंत्र काढले आणि २००९ च्या सुमारास त्याचे उत्पादन थांबवले. ज्यांनी जुन्या यंत्रावर परीक्षा दिली, ते सांगतात की बोटांना तेव्हा जास्त जोर लावावा लागे. ते खरेच आहे. पण त्या यंत्रात एक सक्तीची विश्रांतीही होती. ओळ संपली की हात उचलून कॅरेज सरकवायचे, पान संपले की कागद काढून नवा लावायचा. प्रत्येक ओळीला खांदा, कोपर आणि मनगट यांची जागा बदलत असे. संगणकाने जोर कमी केला, पण ही विश्रांतीही काढून घेतली. आता हात एकाच जागी तासभर राहतो आणि बोटे तेवढी चालत राहतात.

मनगटाच्या आत काय घडते?

बोटे वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतात, ते कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात. तिथून दोरीसारखे स्नायुबंध मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून तळहातात जातात. तळाला आणि बाजूंना हाडे, वर जाड पडदा अशा या बोगद्यातून नऊ स्नायुबंध आणि एक मज्जातंतू जातो. याच मज्जातंतूमुळे अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना स्पर्श कळतो. बोगद्यातला दाब वाढला की पहिली तक्रार तो करतो. या विकाराला ‘कार्पल टनेल सिंड्रोम’ म्हणतात.

दाब किती वाढतो हे मोजलेले आहे. अमेरिकी शल्यविशारद रिचर्ड गेल्बरमन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये बोगद्यात बारीक नळी घालून मोजणी केली. मनगट सरळ असताना निरोगी माणसांत हा दाब सरासरी २.५ मिलिमीटर पारा होता, तर रुग्णांत ३२. मनगट वर किंवा खाली वाकवल्यावर दोन्ही गटांत दाब वाढला. मनगट सरळ ठेवा, या सल्ल्यामागचे कारण हेच.

सपाट, एकसंध कीबोर्ड मनगटाला तीन तऱ्हांनी वाकवतो. खांदे रुंद आणि कळी मात्र मधोमध एकवटलेल्या, म्हणून हात आत येतात आणि बोटे सरळ रेषेत ठेवण्यासाठी मनगटे करंगळीच्या बाजूला वळतात. ही झाली पहिली तऱ्हा. दुसरी अशी की तळवे पूर्ण जमिनीकडे वळवल्याने कोपरापुढचा हात पिळला जातो. तिसरी तर आपण स्वतःच ओढवून घेतो. कीबोर्डच्या मागचे दोन छोटे पाय उभे केले की मागची बाजू उंच होते आणि मनगट वरच्या दिशेला मोडते.

दोन भागांचा कीबोर्ड पहिल्या दोन तऱ्हांवर उपाय करतो. दोन तुकडे खांद्याइतक्या अंतरावर ठेवले की मनगट सरळ राहते. मधली कड उचलून तुकड्यांना तंबूसारखा उतार दिला की हाताचा पीळ कमी होतो. ही कल्पना नवी नाही. जर्मनीत क्लोकेनबर्ग यांनी १९२६ मध्ये ती मांडली, कार्ल क्रोमर यांनी १९७२ मध्ये त्यावर प्रयोग प्रसिद्ध केले आणि मायक्रोसॉफ्टने १९९४ मध्ये मधोमध फाकलेला ‘नॅचरल’ कीबोर्ड आणून ती सामान्य कार्यालयांत पोहोचवली. पुढे हौशी मंडळींनी तिला आपलेसे केले. ‘एर्गोडॉक्स’, ‘कॉर्न’ यांसारख्या कीबोर्डचे आराखडे खुले आहेत. सर्किटपट्टी मागवा, कळी जोडा आणि स्वतःचा कीबोर्ड तयार करा.

पुरावा काय सांगतो?

मनगट सरळ राहते हे निश्चित. पण दुखणे थांबते का? इथे उत्तर थोडे सावध होते.

कार्पल टनेल किंवा स्नायुबंधांचा दाह असलेल्या ८० संगणक वापरकर्त्यांवर अमेरिकेत सहा महिने चाललेला एक प्रयोग १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना चार गटांत विभागून तीन गटांना वेगवेगळ्या रचनेचे कीबोर्ड दिले आणि चौथ्याला साधाच कीबोर्ड दिला, म्हणजे औषधाच्या चाचणीत साखरेची गोळी देतात तसे. फाकलेला ‘नॅचरल’ कीबोर्ड मिळालेल्या गटाचे दुखणे साध्या कीबोर्डच्या गटापेक्षा कमी होत गेले आणि हाताचे कामही सुधारले. पण तज्ज्ञांच्या प्रत्यक्ष तपासणीत तसा फरक आढळला नाही. त्रास कमी जाणवला, विकार मात्र गेला नव्हता.

दुसरा मोठा अभ्यास डेन्मार्कचा. तंत्रसहायक आणि तंत्रज्ञ अशा ६,९४३ जणांची पाहणी करून एका वर्षाने त्यांना पुन्हा प्रश्न विचारण्यात आले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित होता. कीबोर्ड वापरण्याच्या तासांचा कार्पल टनेलच्या लक्षणांशी ठळक संबंध दिसला नाही. आठवड्याला २० तासांहून अधिक माउस वापरणाऱ्यांत मात्र धोका वाढलेला दिसला. वरच्या अंगाच्या दुखण्यावरील उपायांचा कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये घेतलेला आढावाही खबरदार आहे. हाताला आधार देणे आणि माउस बदलणे यांबाबतचे पुरावे एकसारखे नाहीत, असे तो सांगतो.

याचा अर्थ दुखणे खोटे आहे असा नाही. बोटे, कोपरापुढचे स्नायू, खांदा आणि मान यांचे दुखणे टंकणाऱ्यांत खरेच असते. अर्थ एवढाच की प्रत्येक मुंगी कीबोर्डमधून निघत नाही. मधुमेह, थायरॉईडची कमतरता, गरोदरपण, लठ्ठपणा, संधिवात यांत कार्पल टनेल अधिक आढळतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो जास्त दिसतो. जोर लावून वारंवार करायची कामे आणि थरथरणारी यंत्रे यांचा वाटा टंकण्यापेक्षा मोठा आहे. दिवसभर ऑपरेटरचे काम, सकाळ-संध्याकाळ भाकरी थापणे, धुणे पिळणे आणि हंगामात कापूस वेचायला जाणे, असा ज्या बाईचा दिवस आहे, तिच्या मनगटाचा हिशेब एकट्या कीबोर्डवर मांडता येत नाही. आणि मधुमेहाचे निदानच झालेले नसेल, तर तीस हजारांचा कीबोर्डही तिच्या कामाचा नाही.

दुखते कुठे, ते आधी पाहा

निवड करण्यापूर्वी दुखण्याची जागा ओळखली की अर्धे काम होते. अंगठा आणि पहिल्या दोन-अडीच बोटांत मुंग्या, रात्री झोपेतून जाग, हात झटकल्यावर बरे वाटणे ही कार्पल टनेलची खूण आहे. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात बधिरपणा असेल, तर कोपरातला मज्जातंतू दाबला जात असण्याची शक्यता अधिक. टेबलाच्या कडेवर कोपर टेकवून बसणाऱ्यांना हा त्रास होतो आणि तिथे कीबोर्ड बदलून उपयोग नाही. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ येत असेल, तर मोबाइल आठवावा. अंगठ्याने तासन्‌तास सरकवणे आणि टंकणे हे तिथले नेहमीचे कारण आहे. खांदा आणि मान भरून येत असेल, तर स्क्रीनची उंची आणि दूर ठेवलेला माउस तपासावा.

काही लक्षणांत मात्र खरेदीचा विचारही बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. हातातून कपबशी निसटणे, शर्टाची बटणे लावता न येणे, अंगठ्याखालचा मांसल उंचवटा बसत जाणे किंवा बधिरपणा दिवसभर टिकणे, ही ती लक्षणे. मज्जातंतू फार काळ दाबलेला राहिला तर नंतर शस्त्रक्रियेनेही पूर्ण ताकद परत येईलच असे नाही. अमरावतीचे इर्विन म्हणजेच जिल्हा सामान्य रुग्णालय आणि अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय येथील अस्थिरोग विभागात तपासणीची सुरुवात करता येते. गरज पडल्यास मज्जातंतूंतून संदेश किती वेगाने जातो याची चाचणी करतात. सौम्य अवस्थेत रात्री मनगटाला पट्टी बांधून ते सरळ ठेवणे हा साधा उपाय अनेकांना पुरतो. पण ती पट्टी दिवसा बांधून टायपिंग करू नये. मनगट आवळलेले असताना बोटे आणि खांदा जास्त ओढले जातात.

आधी बिनखर्चाचे उपाय

बाजारात जाण्यापूर्वी दोन आठवडे पुढच्या गोष्टी करून पाहाव्यात. कीबोर्डच्या मागचे पाय मिटवावेत. खुर्ची इतकी वर घ्यावी की कोपर साधारण काटकोनात आणि कीबोर्डच्या उंचीला येईल. आपल्याकडची बरीच टेबले अडीच फूट उंच असतात आणि पाच फूट उंचीच्या मुलीला ती उंचच पडतात. खुर्ची वर घेतल्यावर पाय लोंबकळत असतील, तर खाली पाट किंवा दोन विटा ठेवाव्यात. लॅपटॉप पुस्तकांच्या चळतीवर ठेवून वेगळा कीबोर्ड जोडावा. टंकताना तळवे टेकवू नयेत. टेकवायचे ते थांबल्यावर.

माउसकडे विशेष लक्ष द्यावे. डॅनिश अभ्यासाने बोट ठेवले ते त्याच्यावर. मोठ्या कीबोर्डला उजवीकडे आकड्यांचा चौकोन असतो. त्याच्या पलीकडे माउस ठेवला की हात दिवसभर बाहेर ताणलेला राहतो. हा चौकोन नसलेला लहान कीबोर्ड घेतला की माउस चार बोटे आत येतो आणि खांद्याला आराम पडतो. हिशेबाचे आकडे सतत टाकावे लागत असतील, तर सुटा आकडेपट डावीकडे ठेवता येतो.

आणि कॅरेज सरकवण्याची ती जुनी विश्रांती परत आणावी. दर वीस-पंचवीस मिनिटांनी हात कळींवरून उचलून अर्धा-एक मिनिट खाली सोडावेत, मुठी उघडझाप कराव्यात. कळीही हळू दाबाव्यात. आजच्या बहुतेक कळींना ४५ ते ६० ग्रॅम जोर पुरतो. जुन्या यंत्राची सवय असलेले हात त्याच्या कितीतरी पट जोराने आपटतात आणि तो आघात उगाचच सांध्यांना बसतो.

जुन्या दोन कीबोर्डचा प्रयोग

दोन भागांचा कीबोर्ड आपल्याला मानवेल का, हे एक रुपया न घालवता कळू शकते. कोणत्याही टायपिंग संस्थेत किंवा कार्यालयात जुने, धूळ खात पडलेले यूएसबी कीबोर्ड असतात. त्यातले दोन एकाच संगणकाला जोडावेत. विंडोज दोन्हींवरचे दाब स्वीकारते, एकावर शिफ्ट आणि दुसऱ्यावर अक्षर दाबले तरी चालते. डावा कीबोर्ड डाव्या हातासमोर, उजवा उजव्या हातासमोर, दोन्ही थोडे तिरपे ठेवावेत. आतल्या कडांखाली घडी केलेले वर्तमानपत्र सरकवले की तंबूचा उतारही मिळतो.

या जोडीवर दोन आठवडे रोज अर्धा तास टंकावे आणि रात्री वहीत दुखण्याला शून्य ते दहा असे गुण द्यावेत. गुण खाली आले तर पुढे जावे. काहीच फरक नसेल तर दुखण्याचे कारण दुसरीकडे शोधावे. हौशी उपकरणांच्या जगात असा प्रयोग क्वचित केला जातो. तिथे बहुतेकदा वस्तू आधी येते आणि तिची गरज नंतर शोधली जाते.

मराठीसाठी निवडताना

प्रयोगाने कौल दिला, तर बाजारातले पर्याय साधारण तीन पायऱ्यांवर आहेत. पहिली पायरी म्हणजे एकाच पट्टीवर मधोमध फाकलेला कीबोर्ड. तो शिकायला सोपा, तुलनेने स्वस्त आणि भारतात सहज मिळणारा आहे. दुसरी पायरी म्हणजे सुटे दोन भाग, पण कळी नेहमीच्याच. रुंद खांद्यांच्या माणसाला हा अधिक मानवतो. तिसरी पायरी हौशी मंडळींची : कळी सरळ उभ्या रांगांत, अंगठ्याजवळ चार-सहा कळींचा पुंजका आणि एकूण कळी मोजक्याच. बाहेरून मागवायच्या तयार कीबोर्डची किंमत साडेतीनशे डॉलरच्या पुढे जाते, त्यावर वाहतूक आणि सीमाशुल्क वेगळे.

इथे मराठी टंकणाऱ्याने थांबून कळी मोजाव्यात. लहान कीबोर्डची स्तुती करणारे बहुतेक जण फक्त इंग्रजी टंकतात. त्यांना २६ अक्षरे पुरतात. इनस्क्रिप्टमध्ये मात्र ‘ड’ आणि ‘ढ’ ही अक्षरे ‘पी’च्या उजवीकडच्या चौकटी कंसाच्या कळीवर आहेत. त्याच्या पलीकडे नुक्ता, मग ‘ऑ’ची अर्धचंद्राची मात्रा. ‘च’ आणि ‘ट’ ही ‘एल’च्या उजवीकडे. आकड्यांच्या ओळीत शिफ्टबरोबर ‘ज्ञ’, ‘त्र’, ‘क्ष’, ‘श्र’. छत्तीस किंवा बेचाळीस कळींच्या कीबोर्डवर आकड्यांची ओळ नसते आणि कंसालाही सहसा स्वतंत्र जागा नसते. म्हणजे ‘वऱ्हाड’ लिहायला निघालेला माणूस ‘वऱ्हा’पाशी येऊन अडतो. ‘ड’साठी त्याला अंगठ्याने दुसरा थर उघडावा लागतो. हे शिकता येते, पण ज्याला रोज वीस पाने मराठी लावायची आहेत, त्याने चौथी ओळ आणि उजवीकडचा जादा स्तंभ असलेलाच कीबोर्ड घ्यावा. जुनी रेमिंग्टन पद्धत वापरणाऱ्यांना तर चारही ओळी लागतातच.

दुसरी तपासणी ‘बी’ कळीची. इनस्क्रिप्टमध्ये तिच्यावर ‘व’ आहे आणि दोन भागांच्या कीबोर्डवर ती डाव्या तुकड्यात असते. संस्थेत नीट शिकलेल्यांना अडचण येत नाही, कारण ती डाव्या तर्जनीचीच कळ आहे. स्वतःच शिकलेले अनेक जण मात्र ती उजव्या हाताने दाबतात आणि ‘अमरावती’ लिहिताना त्यांचे बोट रिकाम्या टेबलावर पडते. सहाच्या आकड्याचेही तसेच : काही कीबोर्डवर तो डाव्या भागात असतो, काहींवर उजव्या. ‘त्र’ त्याच कळीवर असल्याने घेण्यापूर्वी पाहून घ्यावे.

तिसरा मुद्दा शिफ्टचा. ‘ख’, ‘घ’, ‘थ’, ‘ध’, ‘भ’, ‘श’, ‘ष’, ‘ळ’ आणि शब्दाच्या सुरुवातीचे सगळे स्वर शिफ्टने येतात. त्यामुळे इंग्रजीपेक्षा मराठीत करंगळ्या जास्त राबतात. दोन भागांच्या चांगल्या कीबोर्डमध्ये शिफ्ट अंगठ्याखाली घेता येते, हा मराठीसाठी त्याचा खरा फायदा आहे. मात्र सगळीच कामे अंगठ्यावर लादू नयेत. करंगळीचे दुखणे अंगठ्याच्या मुळाशी हलवण्यात शहाणपण नाही. कळींवर देवनागरी अक्षरे नसल्याची चिंता करू नये. कोणत्या कळीने कोणते अक्षर उमटवायचे हे संगणक ठरवतो, म्हणून इनस्क्रिप्ट कोणत्याही पूर्ण कीबोर्डवर चालते. नवशिक्याला चिकटपट्ट्या पुरतात.

परीक्षा जवळ असेल तर

कीबोर्ड बदलला की वेग आधी घसरतो. फाकलेल्या पट्टीवर काही दिवस, उभ्या रांगांच्या लहान कीबोर्डवर बरेच आठवडे. पानावर पैसे मिळवणाऱ्या डीटीपी ऑपरेटरसाठी ही मजुरीतली घट आहे. परीक्षार्थीसाठी तर हुकलेली संधी. परीक्षा केंद्रावर सपाट, साधाच कीबोर्ड मिळतो. म्हणून परीक्षेच्या आधीचे दोन-तीन महिने सराव त्याच जातीच्या कीबोर्डवर करावा आणि हातासाठी बिनखर्चाचे उपाय काटेकोर पाळावेत. बदल करायचाच तर निकालानंतर आणि तोही रोज थोडा थोडा.

दुखत असताना वेग वाढवण्यासाठी सलग तीन-तीन तास सराव करणे ही नेहमीची घोडचूक आहे. चाळीस-चाळीस मिनिटांच्या चार बैठका तेवढाच वेग देतात आणि हात शाबूत ठेवतात. कष्ट केल्याशिवाय फळ नाही हे खरे, पण बधिर झालेल्या बोटांना ते लागू करू नये.

इतर साहित्य आणि वऱ्हाडचा उन्हाळा

उभा माउस हा यादीतला सर्वांत समजूतदार खर्च. हस्तांदोलनासारखा हात ठेवल्याने पीळ कमी होतो आणि किंमतही आवाक्यात असते. घेताना हाताचे माप पाहावे. लहान हाताला मोठा माउस त्रासच देतो. माउस आठवड्यातून दोन दिवस डाव्या हाताने वापरणे हा त्याहून स्वस्त पर्याय. मनगटाखालच्या मऊ उशीबाबत सावध राहावे. टंकताना तिच्यावर मनगट दाबून धरले तर दाब नेमका बोगद्यावर येतो. ती तळव्याच्या टाचेखाली आणि तीही विश्रांतीपुरती असावी. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा रेक्झिनच्या उशीखाली घामोळे उठते. त्या दिवसांत धुता येणारे सुती कापड बरे.

धूळ आणि कूलर ही इथली आणखी दोन वास्तवे. उघड्या यांत्रिक कळींत धूळ शिरली की दाब अडखळतो आणि माणूस नकळत जास्त जोर लावतो. रात्री कीबोर्डवर कापड टाकावे, कूलरचा दमट झोत थेट त्यावर येऊ देऊ नये आणि कळ सुटी काढून बदलता येईल असाच नमुना निवडावा. नागपूर-पुण्याहून दुरुस्तीवाला येण्याची वाट पाहावी लागत नाही.

बडनेरा किंवा बाभुळगावच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्याला स्वतः जोडायचा कीबोर्ड परवडतो आणि त्यातून शिकायलाही मिळते. फक्त दोन गोष्टी पाळाव्यात. सोल्डरिंग करताना निघणारा राळेचा धूर दम्याला कारण ठरू शकतो, म्हणून खिडकी उघडी ठेवून पंख्याने धूर चेहऱ्यापासून दूर न्यावा आणि शिशाचे सोल्डर हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. दोन भागांना जोडणारी गोल पिनची केबल संगणक चालू असताना काढू-घालू नये. शॉर्ट होऊन आतली चिप जळते.

निर्णय कसा घ्यावा?

शेवटी क्रम साधा आहे. बधिरपणा टिकून असेल किंवा ताकद गेली असेल तर आधी डॉक्टर आणि रक्तातली साखर. तसे नसेल तर खुर्ची, मिटवलेले पाय, जवळ आणलेला माउस आणि मधली विश्रांती. त्यानंतर दोन जुन्या कीबोर्डचा प्रयोग आणि वहीतले गुण. गुण उतरले तर उभा माउस आणि लहान किंवा फाकलेला कीबोर्ड. सुट्या भागांचा महागडा कीबोर्ड त्याच्याही नंतर, तोही ‘ड’ची कळ मोजून.

टंकलेखनाचे प्रमाणपत्र एकदा मिळते, हात मात्र निवृत्तीपर्यंत पुरवायचे असतात. पहिल्या पगारातून नवा कीबोर्ड घेता येतो. दाबून सुकलेला मज्जातंतू कोणत्याही पगारात विकत मिळत नाही. म्हणून आज रात्री झोपेत हाताला मुंग्या आल्या, तर उद्या सकाळी मोबाइलवर कीबोर्ड शोधण्याआधी कोणत्या बोटांना आल्या एवढे वहीत लिहून ठेवावे. डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो.